बंदर नसलेल्या गावातले पोर्ट

नागपुरात खापरीहून मेट्रोत बसलं की लागोपाठ तीन स्टेशनांच्या नावात एकच शब्द येतो: न्यू एअरपोर्ट, एअरपोर्ट साउथ आणि मग नुसतंच एअरपोर्ट. तिसऱ्यांदा ऐकेपर्यंत त्यातलं 'एअर' विरून गेलं आणि 'पोर्ट' तेवढं कानात राहिलं. पोर्ट म्हणजे बंदर. मुंबईचा समुद्र इथून रेल्वेनं ८३७ किलोमीटर. तरी बंदरांची हौस केवढी! वर्ध्याच्या वाटेवर सिंदीला तर ड्राय पोर्टचा घाट घातला गेला. कोरडं बंदर.

खिडकीबाहेर मिहान होतं. शिवणगाव, तेल्हारा, दहेगाव, मिहान, अशी नावं एका दमात घेतली तर कुणाला शंकाही येऊ नये. पण हे गाव आद्याक्षरांतून जन्मलं: मल्टी-मोडल इंटरनॅशनल कार्गो हब अँड एअरपोर्ट अ‍ॅट नागपूर. अक्षरं जुळवताना कार्गोचा 'सी' गळला. मालासाठी उभारायच्या जागेच्या नावातून मालच खाली पडला. नाव मात्र गोड झालं, हे कबूल करायला हवं.

लॅटिनमध्ये 'पोर्टुस' म्हणजे बंदर, 'पोर्टा' म्हणजे दरवाजा आणि 'पोर्टारे' म्हणजे वाहून नेणं. तिघांचं मूळ पलीकडे जाण्याच्या एकाच जुन्या धातूत शोधतात, आणि आपल्या 'पार'लाही त्याच कुळात बसवतात. इंग्रजीत येईपर्यंत तिन्ही घराण्यांचा एकच पोर्ट झाला. म्हणून तिथे पोर्टरही दोन: एक ओझं वाहणारा, दुसरा दार राखणारा. 'ऑपॉर्च्युनिटी'त तर चक्क बंदराकडे वाहणारा वारा आहे. शिडाच्या जहाजाला दुसरी कसली संधी हवी? मिहानमध्ये नोकरी लागलेल्या पोराची आई पेढे वाटते तेव्हा हा वारा तिच्या ध्यानीमनीही नसतो.

मला स्वतःला बंदरापेक्षा वाहणारा पोर्ट जवळचा. त्याला समुद्र लागत नाही. आणि नागपूरनं हे फार आधी करून दाखवलं आहे. मिहानचा कागदही नव्हता तेव्हा, १९४९ साली, रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली. दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास या चार शहरांतून संध्याकाळ उलटल्यावर एकेक विमान टपाल आणि थोडे उतारू घेऊन निघे. मध्यरात्रीच्या सुमाराला चारही नागपुरातल्या सोनेगावच्या धावपट्टीवर एकत्र येत. थैल्यांची अदलाबदल होई. मुंबईच्या थैल्या कलकत्त्याच्या विमानात, मद्रासच्या दिल्लीच्या. उतारू खाली उतरून काहीबाही खात, पाय मोकळे करत, आणि ज्या गावाला जायचं त्या विमानात चढत. मग चारही विमानं आली तशी परत. सकाळी मुंबईत कालचं कलकत्त्याचं पत्र.

सोमलवाड्याला राहणारी माझी एक आत्या सांगायची, की घड्याळ नसलेल्या घरांतही रात्रीचे बारा कळत. आधी एक घरघर यायची, मग दुसरी, वेगळ्या दिशेनं. तिची आजी अंथरुणावरूनच म्हणे, "इमानं आली रे, निजा आता." कधी एखाद्या रात्री तीनच आली तर चौथ्याची वाट पाहत सगळं घर जागं. त्या विमानांत या घराचं काय होतं? एक पोस्टकार्डही नसेल. पण देशाच्या चार टोकांची पत्रं आपल्या डोक्यावरून जातात, आणि आपल्या गावात उतरून मगच जातात, याचा रुबाब आत्याच्या बोलण्यात शेवटपर्यंत होता. 'हब' म्हणजे मुळात चाकाचा तुंबा, ज्यात सगळे आरे येऊन रुततात. अमेरिकेत फेडेक्सनं मेम्फिसला रात्रीची विमानं अशीच गोळा करायला सुरुवात केली ती १९७३ मध्ये. आमच्या सोनेगावचा तुंबा त्याच्या चोवीस वर्षं आधी फिरत होता. याचं साधं चित्रसुद्धा इथल्या विमानतळाच्या भिंतीवर असतं तर मला बरं वाटलं असतं.

वाहणाऱ्या घराण्याचा पसारा दांडगा आहे. रिपोर्ट म्हणजे मागे वाहून आणलेलं. सपोर्ट म्हणजे खालून उचलून धरलेलं. स्पोर्ट हे 'डिस्पोर्ट'चं शेपूट, म्हणजे मनाला कामाधंद्यापासून दूर वाहून नेणारं. मिहानच्या शेजारी जामठ्याच्या स्टेडियमवर २००८ च्या नोव्हेंबरात सौरव गांगुली शेवटची कसोटी खेळला, तेव्हा नागपुरातली किती कचेऱ्यांतली मनं वाहून गेली असतील!

घुसखोरही आहेत. पोर्शन आणि पोर्ट्रेट यांचा या घराण्याशी संबंध नाही. विदर्भात दोन देशमुख भेटले म्हणून ते एकमेकांचे भाऊबंद असतीलच असं नाही, तसंच हे. त्यातून आपल्याकडे 'पोर्शन' म्हणजे परीक्षेआधी कधीच न संपणारा अभ्यासक्रम. त्याला वाहून नेणारा कोणी नसतोच.

पोर्टफोलिओ मात्र अस्सल. इटालियनमधून आलेला, कागद वाहून नेणारा. मंत्र्यांची कागदपत्रं त्यात असत, म्हणून पुढे खात्यालाच पोर्टफोलिओ म्हणू लागले. २०२४ च्या डिसेंबरात नागपूरच्या राजभवनात १५ तारखेला ३९ मंत्र्यांनी शपथ घेतली, आणि खातेवाटप जाहीर झालं ते २१ ला, हिवाळी अधिवेशन संपता संपता. आठवडाभर हे मंत्री नागपुरात रिकाम्या हातांनी वावरले. हुरड्याचे दिवस होते. हात मोकळे असलेले बरेच.