बोअरच्या पाण्याला पेट्रोलचा वास येतो तेव्हा

"डॉक्टर, पाणी उकळून प्यायलं तर चालेल ना?" चार वर्षांपूर्वी एका काकांनी विचारलं आणि मी सवयीने म्हणालो, "हो, चांगलं उकळा." ते उत्तर चुकीचं होतं. म्हणून हा लेख.

काकांच्या सोसायटीला लागून पूर्वी एक पेट्रोल पंप होता. तो बंद होऊन बरीच वर्षं झाली, पण जमिनीखालची टाकी तशीच होती. उन्हाळ्यात बोअरच्या पाण्याला पेट्रोलसारखा वास यायचा. काकांनी पाण्याचा रिपोर्टही आणला होता. त्यात जंतू नाहीत, क्षार प्रमाणात, शेरा 'पिण्यास योग्य' असं होतं. मी तो वाचून निर्धास्त झालो. घरी गेल्यावर लक्षात आलं की या तपासणीत पेट्रोल शोधलेलंच नव्हतं. साखरेची तपासणी करून मूतखडा आहे की नाही हे कसं कळणार?

पेट्रोलमध्ये बेंझीन असतं. दीर्घकाळ शरीरात जात राहिलं तर ते अस्थिमज्जेला, म्हणजे रक्त तयार होतं त्या जागेलाच, इजा करतं. त्यातून रक्तक्षय आणि रक्ताचा कर्करोगही होऊ शकतो. जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यात लिटरमागे १० मायक्रोग्रॅम ही मर्यादा सुचवली आहे. बेंझीनची चव किंवा वास जाणवतो तो याच्या कितीतरी पट जास्त प्रमाण झाल्यावर. म्हणजे 'वास येत नाही, तर पाणी चांगलं' हेही खरं नाही.

उकळल्याने जंतू मरतात. बेंझीन मात्र वाफेबरोबर स्वयंपाकघरातल्या हवेत येतं आणि आपण ते श्वासातून घेतो. गरम पाण्याच्या अंघोळीतही तेच होतं. घरच्या आरओवरही यासाठी विसंबू नका.

मग तपासायचं काय आणि कसं?

पाणी: प्रयोगशाळेला 'बेंझीन, टोल्युइन, इथाइलबेंझीन, झायलीन' असं स्पष्ट सांगा. टाकी डिझेलची असेल तर डिझेलमधले घटकही तपासायला सांगा. आधी पंप चालवून साठलेलं जुनं पाणी जाऊ द्यावं लागतं. नमुना काचेच्या छोट्या बाटलीत, हवेचा बुडबुडा न राहता काठोकाठ भरून, बर्फात ठेवून न्यावा लागतो. प्लास्टिकच्या अर्ध्या भरलेल्या बाटलीतून बेंझीन वाटेतच उडून जातं आणि रिपोर्ट खोटा दिलासा देतो. त्यामुळे नमुना शक्यतो मान्यताप्राप्त प्रयोगशाळेच्या माणसालाच घेऊ द्या.

माती: वरची मूठभर माती देऊन उपयोग नाही. गळती असते टाकीच्या तळाशी आणि पाइपच्या सांध्यांपाशी, म्हणून त्या खोलीवरची माती हवी. हे तज्ज्ञांचं काम आहे. स्वतः खणू नका, पेट्रोलची वाफ पेट घेते. आपल्याकडे २००० सालापर्यंत शिसेयुक्त पेट्रोल विकलं जात होतं, तेव्हा टाकी त्याआधीची असेल तर मातीतलं शिसंही तपासायला सांगा.

एक नमुना पुरेसा नसतो. भूजल कुठल्या दिशेने वाहतं हे कळायला किमान तीन ठिकाणच्या पाण्याच्या पातळ्या लागतात. शिवाय आपल्या काळ्या खडकात पाणी भेगांमधून वाहतं. शेजारची बोअर स्वच्छ आणि पलीकडची दूषित, असंही होऊ शकतं. पावसाळ्यात पातळी बदलते, म्हणून तपासणी पुन्हा करावी लागते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी काकांना फोन केला. "कालचं माझं उत्तर चुकलं. ते पाणी पिऊ नका, त्यात स्वयंपाक करू नका, अंघोळही नको." काका क्षणभर गप्प झाले, मग म्हणाले, "अहो, आठ वर्षं पितोय आम्ही." पुढे योग्य तपासणी झाली आणि बेंझीन मर्यादेपेक्षा जास्त निघालं. सोसायटीने बोअर बंद केली, टँकर सुरू केला, नगरपालिका आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे लेखी तक्रार दिली.

घरातल्या सगळ्यांचा सीबीसी केला. तो नॉर्मल आला. पण नॉर्मल सीबीसी म्हणजे 'आज रक्तात बिघाड दिसत नाही' एवढंच. म्हणून काका अजूनही दरवर्षी तपासणीला येतात.

तुमच्या घराजवळ जुना पंप, गॅरेज किंवा डिझेलची टाकी होती का? एखाद्या जुन्या रहिवाशाला आजच विचारा. आणि पाण्याचा रिपोर्ट हातात आला की शेवटच्या शेऱ्याआधी काय काय तपासलंय ती यादी वाचा. डॉक्टरांनाही वाचायला लावा.