टोचणारी भेट

भेटवस्तू निवडणे हे समीक्षेच्या जवळचे काम आहे, असे आम्हां दोघींना वाटत आले आहे. ज्याला भेट द्यायची त्या माणसाचे पुरेसे वाचन झालेले असावे लागते. त्याच्या आवडी, अडचणी, बोलता बोलता त्याने अर्धवट सोडलेली वाक्ये, हे सारे ध्यानात ठेवावे लागते; आणि मग एका वस्तूवर आपला अभिप्राय पणाला लावावा लागतो. एकाच महाविद्यालयाच्या मराठी विभागात गेली सोळा वर्षे शिकवत असल्याने आमची दिवाळीच्या भेटींची यादीही एकत्रच होते. तीत विभागातले सहकारी असतात, ग्रंथपाल असतात, दोन-तीन जुने विद्यार्थी असतात आणि आमचे सर असतात.

या यादीचा बराचसा भार अलीकडे आंतरजालावरील मोठ्या दुकानांनी उचलला होता. त्यांच्याविषयी कृतघ्न होण्याचे कारण नाही. १९९५ साली ॲमेझॉन आणि २००७ साली फ्लिपकार्ट, दोघांनीही आरंभ केला तो पुस्तके विकूनच. जिथे पाठ्यपुस्तके आणि मार्गदर्शिका यांपलीकडे दुकानात काही मिळत नाही अशा तालुक्याच्या गावी हवा तो कवितासंग्रह चार दिवसांत दारी येणे, ही लहान गोष्ट नव्हे. परंतु भेट शोधू लागलो की या दुकानांची मर्यादा ध्यानी येते. ही वस्तू घेणाऱ्यांनी आणखी काय घेतले, हे ती तत्परतेने सांगतात. ज्याच्यासाठी घ्यायची त्या एका माणसाविषयी त्यांना काहीच म्हणायचे नसते. खपाच्या आकड्यांवरून कादंबरीचे मूल्यमापन करावे, तसा हा प्रकार.

सरांना आम्ही दरवर्षी दिवाळी अंक देत असू. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली काढलेल्या ‘मनोरंजन’च्या दिवाळी अंकापासूनची परंपरा त्यांनीच आम्हांला एम. ए.च्या वर्गात शिकवली होती. आम्ही दिलेले अंक ते संक्रांतीपर्यंत वाचून संपवीत आणि समासात पेन्सिलीने शेरे मारून आम्हांला वाचायला धाडीत. तीन वर्षांपूर्वी त्यांच्या दोन्ही डोळ्यांची मधली दृष्टी गेली. कडेचे दिसते, समोरचे अक्षर दिसत नाही. त्या दिवाळीत आम्ही नेलेले अंक त्यांनी मांडीवर घेतले, मुखपृष्ठांवरून हात फिरवला आणि म्हणाले, “यंदा तुम्हीच शेरे मारा.” पुढच्या वर्षी अंक नेण्याचे धैर्य आम्हांला झाले नाही. श्राव्य पुस्तके त्यांच्या मुलाने आधीच मोबाइलवर घालून दिली होती. वाचणे हाच ज्याचा श्वास होता, त्याला आता काय द्यावे?

उत्तर त्यांच्याच एका तासातून मिळाले. संतवाङ्मयात घोंगडी रूपक म्हणून येते. ते शिकवताना त्यांनी वर्गाला विचारले होते, “घोंगडी किती जणांनी अंगावर घेतली आहे?” एकही हात वर गेला नाही. “मग हे रूपक तुम्हांला टोचणार कसे?” असे म्हणून त्यांनी पुस्तक मिटले होते. सरांना घोंगडी द्यायची, हे त्याच दिवशी ठरले.

मोठ्या दुकानात ‘घोंगडी’ हा शब्द घातला, तेव्हा यंत्रावर विणलेली मिश्र धाग्याची पांघरुणे समोर आली. काही मऊसूत होती आणि तसे अभिमानाने लिहिलेही होते. मग आम्ही आमच्या व्यवसायातली जुनी वाट धरली. एका तळटीपेवरून दुसऱ्या ग्रंथाकडे जावे तसे, मेंढपाळांवरील एका लेखावरून त्यातली छायाचित्रे काढणाऱ्याकडे, त्याच्याकडून लोकर कातणाऱ्या बायकांच्या एका गटाकडे आणि तिथून माणदेशातल्या एका सनगर कुटुंबाच्या दुकानाकडे पोहोचलो. दुकान म्हणजे अकरा छायाचित्रे, एक दूरध्वनी क्रमांक आणि ‘मागणीप्रमाणे विणून मिळेल’ एवढे एक वाक्य. ते विणकराची सून सांभाळते.

आम्ही निरोप धाडला आणि तिचा फोनच आला. “ताई, कुणाला द्यायची? वय किती त्यांचं? पांघरणार का अंथरणार?” मोठ्या दुकानाने आम्हांला आजवर पिनकोड आणि पैसे याखेरीज काही विचारले नव्हते. मग तिने सांगितले, ते आम्ही विद्यार्थिनींप्रमाणे लिहून घेतले. लोकर दख्खनी मेंढीची, रंग मेंढीचाच, वरून दिलेला नाही. ताण्याला चिंचोक्याची खळ लावावी लागते, आणि खळ लावलेला ताणा उघड्यावर उन्हात वाळवावा लागतो. पाऊस उघडल्याशिवाय ते काम होत नाही. म्हणून दिवाळीची घोंगडी दसऱ्याच्या बऱ्याच आधी सांगावी. त्यानंतर खड्डामागावरचे विणकाम. “अंगाला टोचते, आधीच सांगून ठेवते,” ती म्हणाली. “मागून मऊ नाही म्हणून परत पाठवू नका.” टोचणे हाच दोष समजणाऱ्या गिऱ्हाइकांचा अनुभव तिच्या स्वरात होता. आम्हांला टोचणारीच हवी आहे, असे सांगितल्यावर ती हसली.

या व्यवहारात नवे काही नाही, हे नंतर जाणवले. जुन्या मासिकांच्या मलपृष्ठांवर ‘व्ही. पी.ने मागवा’ अशा जाहिराती असत. न पाहिलेल्या माणसाला पत्र लिहून वस्तू मागवायची, पोस्टमनला पैसे मोजून सोडवून घ्यायची. कितीतरी ग्रंथसंग्रह असेच उभे राहिले. २०१६ नंतर यूपीआयमुळे पैसे धाडणे एका बोटाचे काम झाले आणि खेड्यातल्या मागाला शहरातला मधला व्यापारी अपरिहार्य राहिला नाही.

तरीही लहान दुकान म्हणजे सज्जन दुकान, हे समीकरण मांडायला आमचे मन धजत नाही. आंतरजालावर हल्ली वस्तूबरोबर कथाही विकली जाते. ‘आजीच्या हातची’, ‘शेकडो वर्षांची परंपरा’, ‘मातीशी नाते’ ही तिची ठरावीक विशेषणे. साहित्याच्या शिक्षकांनी तरी ही संहिता डोळसपणे वाचावी. आम्ही त्यासाठी दोन कसोट्या ठरवल्या आहेत. वस्तू करणाऱ्याचे नाव-गाव विचारले तर दुकान सांगते का? आणि ‘संपली’, ‘इतक्यात होणार नाही’ असे म्हणण्याची त्याची तयारी आहे का? एका दुकानाने या दोन्ही प्रश्नांना गोड बगल दिली होती. त्याच्याकडून पाडव्यासाठी मागवलेल्या पणत्या तुळशीचे लग्न लागल्यावर पोहोचल्या.

नावाचा आग्रह हा केवळ भावनेचा भाग नाही. कोल्हापुरी चपलेला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळाले, ते महाराष्ट्रातल्या चार आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांसाठी. तरी जून २०२५मध्ये मिलान येथे प्राडाच्या प्रदर्शनात तशाच धाटणीच्या चपला झळकल्या, तेव्हा त्यांचे कूळ सांगितले गेले नव्हते. टीका झाल्यावर कंपनीने भारतीय कारागिरीचे ऋण मान्य केले. कर्त्याचे नाव गळाले की कृतीचे काय होते, हे लोकसाहित्य शिकवणाऱ्यांना वेगळे सांगायला नको.

एक प्रश्न मात्र आमच्याकडून सुटलेला नाही. हाताने विणलेली घोंगडी यंत्रावरच्या पांघरुणाहून कितीतरी महाग पडते. आम्ही वेतनश्रेणीवर आहोत. तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या आमच्या सहकाऱ्यांचे मानधन अनेकदा दिवाळीनंतरच हाती पडते. त्यांनी मोठ्या दुकानातली सवलत शोधली, तर त्यांना अभिरुचीचे धडे देण्याचा अधिकार आम्हांला कोणी दिला? लहान दुकानाचे कौतुक करताना आपल्या खिशाचा विसर पडू नये, एवढे आम्ही स्वतःला बजावतो. घासाघीस तेवढी करत नाही. तिची किंमत कुठे मोजली जाते, हे आता ठाऊक झाले आहे.

वसुबारसेला घोंगडी सरांच्या हाती दिली. त्यांनी ती उलगडली, बोटे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश नेली. एका जागी थांबून म्हणाले, “इथे धागा तुटून सांधला आहे.” आम्ही वाकून पाहिले तर खरेच होते, डोळ्यांनी आम्हांला ते दिसले नव्हते. मग ती खांद्यावर ओढून घेत म्हणाले, “टोचते गं. चला, राहिलेला तास आता पुरा करता येईल.” आणि लगेच विचारले, “विणली कुणी?”

आम्ही नाव सांगितले, फोनही लावून दिला. पलीकडे विणकर स्वतः होते. मागाच्या प्रत्येक भागाला काय म्हणतात, हे सर त्यांना अर्धा तास विचारत राहिले आणि एकेक शब्द मोठ्याने उच्चारून आमच्याकडून लिहवून घेत राहिले. चौदा शब्द झाले. घरी येऊन आम्ही ते मोल्सवर्थच्या कोशात शोधले. तीन सापडले नाहीत. सरांना कळवले, तेव्हा त्यांनी पुढचा फोन कधी लावायचा एवढेच विचारले.