गाठ खालून सुटते

दोरावरची गाठ दोघांनी तपासल्याशिवाय आम्ही कोणालाही कड्याला हात लावू देत नाही. हार्नेसमधली फिगर ऑफ एट आधी बांधणाऱ्याने बघायची, मग बिले देणाऱ्याने, म्हणजे खालून दोर सांभाळणाऱ्याने बघायची, आणि तोंडाने ‘बघितली’ असं म्हणायचं. प्रस्तरारोहणाच्या पहिल्याच दिवशी ही शिस्त लागते. त्याच माणसाच्या पायातल्या बुटाची गाठ मात्र कोणी बघत नाही. ती पाचव्या-सहाव्या वर्षी घरातल्या कोणीतरी शिकवलेली असते आणि त्यानंतर तिची परीक्षा कधी झालेलीच नसते. शिबिरात गाठी शिकवायचं काम माझ्याकडे असतं. पहिल्या तासाला मी दोर बाहेर काढत नाही. सगळ्यांना उभं करते आणि आपापल्या पायांकडे बघायला सांगते.

बघायचं एवढंच, की सुरगाठीचे दोन फास कसे बसले आहेत. ते बुटाला आडवे, म्हणजे एक डावीकडे आणि एक उजवीकडे, पसरले असतील तर गाठ ठीक. एक फास बोटांकडे आणि दुसरा घोट्याकडे असे उभे फिरले असतील, तर ती ग्रॅनी नॉट आहे आणि माची येईपर्यंत सुटणार आहे. प्रत्येक शिबिरात अशी उभी गाठ असलेले बरेच निघतात. त्यांना विचारलं, की लेस सुटते का, तर उत्तर ठरलेलं: ‘हो ताई, पण लेसच खराब आहे.’

लेस खराब असूही शकते, त्याकडे नंतर येते. आधी गाठ. बुटाची सुरगाठ म्हणजे एकावर एक बसवलेल्या दोन अर्ध्या गाठी. पहिली साधी, दोन टोकं एकमेकांवरून नेऊन ओढलेली. दुसरीत टोकांऐवजी दुमडलेले फास ओढलेले, म्हणजे सोडताना नुसतं टोक ओढलं की काम झालं. या दोन अर्ध्या गाठींचे पीळ एकमेकांच्या उलट दिशेचे असले की रीफ नॉट तयार होते. ताण आला की तिचे दोन भाग एकमेकांत घट्ट बसतात. दोन्ही पीळ एकाच दिशेचे झाले की ग्रॅनी. ताण आला की ती स्वतःभोवती फिरायला बघते, आणि फिरण्यातच सैल होते. फासांची दिशा मुद्दाम बघितली नाही तर दोन्ही सारख्याच वाटतात, म्हणून चूक वर्षानुवर्षं तशीच राहते.

उपाय अगदी छोटा आहे. पहिल्या अर्ध्या गाठीत तुम्ही उजवं टोक डाव्यावरून नेत असाल, तर आता डावं उजव्यावरून न्या. पुढचं सगळं सवयीप्रमाणेच करा. टेरी मूर नावाच्या गृहस्थांनी २००५ च्या टेड परिषदेत जेमतेम तीन मिनिटांच्या भाषणात हीच चूक दाखवली होती आणि सभागृहातल्या मोठमोठ्या माणसांना आपण बूट चुकीचे बांधतो हे कळलं होतं. सांगायला तीन मिनिटं पुरतात, हातांना पटायला काही आठवडे लागतात. दुसरा अर्धा भाग बदलायला मात्र जाऊ नका. तिथे बोटांची सवय फार पक्की असते आणि मग गाठच विसरायला होते.

आता गाठ बरोबर असूनही ती सुटते का, तर सुटते. कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठात क्रिस्टोफर डेली-डायमंड, क्रिस्टीन ग्रेग आणि ऑलिव्हर ओरायली या यंत्र अभियंत्यांनी याचा अभ्यास केला. तो २०१७ मध्ये रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात छापून आला. ग्रेग ट्रेडमिलवर धावत होत्या आणि वेगवान कॅमेरा त्यांच्या बुटाची गाठ टिपत होता. पाय जमिनीवर आदळतो तेव्हा गाठीला गुरुत्वाकर्षणाच्या साधारण सातपट दणका बसतो. त्या दणक्याने गाठीचा गाभा ताणला जातो आणि लगेच ढिला पडतो. त्याच वेळी झुलणाऱ्या पायाबरोबर लेसची मोकळी टोकं आणि फास फटकारे मारतात आणि गाठीला बाहेर ओढत राहतात. नुसता पाय झुलवून गाठ सुटली नाही, नुसता जागेवर आपटूनही सुटली नाही. दोन्ही एकत्र झालं तेव्हाच सुटली. बराच वेळ काहीच घडत नाही, मग लेस थोडी सरकते, आणि एकदा सरकली की दोन पावलांतही सगळं उलगडू शकतं. मोकळ्या टोकांना वजन लावल्यावर गाठी आणखी लवकर सुटल्या.

सह्याद्रीतल्या माणसाला यात नवल वाटणार नाही. चढताना पाय आदळत नाही, तो टेकवला जातो. म्हणून चढावर लेस क्वचितच सुटते. दणका बसतो तो उतारावर, घसाऱ्यावर उड्या मारत येताना, पायऱ्या भराभर उतरताना. हरिहरच्या कातळात कोरलेल्या उभ्या पायऱ्यांवर रविवारी रांग लागलेली असते. खोबणीत बोटं अडकवून माणूस उतरत असतो आणि मध्येच लेस सुटते. तिथे वाकायला जागा नाही, थांबायला वरचे तयार नाहीत. कळसूबाईच्या लोखंडी शिड्यांवर सुटलेला फास पायरीच्या टोकात अडकतो. आणि सगळ्यात वाईट प्रकार सपाट पठारावर होतो: उंच घोट्याच्या बुटाला वरती हूक असतात, एका बुटाचा लांब लोंबता फास चालता चालता दुसऱ्या बुटाच्या हुकात जाऊन बसतो आणि माणूस दोन्ही हात सॅकच्या पट्ट्यांत असताना तोंडावर पडतो.

बर्कलीच्या प्रयोगातून मी एक सवय उचलली. फास लहान ठेवायचे आणि टोकं त्याहून लहान. बाजारात मिळणारी लेस बहुधा लांबच असते. उरलेली लांबी वरच्या आडव्या लेसखाली खोचून टाकायची. घोट्याभोवती लेस गुंडाळणारे लोकही असतात. ते मला आवडत नाही, कारण उतारावर पाऊल खाली वाकतं तेव्हा तो वेढा पायाच्या पुढच्या शिरेत रुततो.

डबल गाठीबद्दल बोलायलाच हवं, कारण लेस सुटते म्हटलं की पहिला सल्ला तोच मिळतो. फासांची पुन्हा एक गाठ मारली की फास सुटत नाहीत, हे खरं. पण गाठ सैल होते ती खालून, पहिल्या अर्ध्या गाठीपासून. डबल गाठीत वरचे फास जागच्या जागी राहतात आणि खाली बूट मात्र ढिला पडत जातो. माणसाला वाटतं लेस तर बांधलेली आहे! टाच आत वरखाली होते, फोड येतो, आणि दोष मोज्यांना जातो. शिवाय पावसाळ्यात हीच गाठ चिखलाने भरते, वाळते, आणि मुक्कामाला पोचल्यावर थंडीने आखडलेल्या बोटांना ती निरगाठ उकलत नाही. दातांनी बुटाची लेस सोडणारी माणसं मी पाहिली आहेत. त्या लेसवर गुरांच्या वाटेचा चिखल असतो, एवढंच सांगते.

डबल गाठीपेक्षा डबल वेढा बरा. डाव्या फासाभोवती लेस एकदा फिरवून दुसरा फास काढतो ना, तिथे ती दोनदा फिरवायची आणि मग त्या दोन्ही वेढ्यांखालून फास ओढायचा. तेवढंच. सोडताना टोक ओढलं की नेहमीसारखी सुटते. मेलबर्नचे इयन फिगन यांनी बुटाच्या लेससाठी आयुष्यातला मोठा काळ दिला आहे. त्यांची पक्की गाठ आणखी देखणी: दोन्ही फास करून एकमेकांवरून आडवे टाकायचे आणि मधल्या भोकातून एक पुढून, एक मागून, असे दोन्ही एकदम काढायचे. ही गाठ दोन्ही बाजूंनी सारखी दिसते आणि जागची हलत नाही. शिकायला मात्र घरी सोफ्यावर बसा, खिंडीत नको.

एका जास्तीच्या वेढ्याने एवढा फरक का पडावा? गोदीतला खलाशी मोठी बोट खुंट्याभोवती दोर गुंडाळून एका हाताने धरून ठेवतो, त्यामागचं गणित अठराव्या शतकात ऑयलरने मांडलं. वेढे वाढतात तसं घर्षण बेरजेने वाढत नाही, गुणाकाराने वाढतं. घर्षणांक ०.२ धरला तर एका पूर्ण वेढ्यानंतर दोन टोकांच्या ताणात साधारण साडेतीनपट फरक टिकतो. दोन वेढ्यांनंतर तो बारापटींवर जातो. बुटाची लेस मऊ असते, दबते, तिथे हे आकडे जसेच्या तसे लागू होणार नाहीत. पण दोरावर काम करणाऱ्याच्या हाताला हा गुणाकार रोज जाणवतो.

हाच गुणाकार बुटावर खाली, गाठीच्या कितीतरी आधी, वापरता येतो. मला विचाराल तर खरी युक्ती तिथेच आहे. गाठीवर जितका कमी भार येईल तितकी ती टिकेल. पावलाचा भाग बांधून झाला, की हुकांकडे जाण्याआधी दोन्ही टोकांना एकमेकांभोवती दोन पीळ द्यायचे आणि ओढून बसवायचे. खालचा ताण तिथेच अडकून राहतो. मग हूक. बहुतेक जण लेस हुकाच्या खालून वर नेतात. ती आधी हुकाच्या वर नेऊन, वरून खाली आणून मग पलीकडे न्यायची. लेस स्वतःवरच दाबली जाते आणि सरकत नाही. आता वरची गाठ सुटली तरी पाऊल बुटात घट्ट राहतं, पुढच्या सपाटीवर निवांत बांधता येते.

यामुळे बुटाचे दोन भाग वेगवेगळ्या ताणाने बांधता येतात. बेलपाड्याहून नळीच्या वाटेने हरिश्चंद्रगड चढायचा तर घोटा मोकळा हवा, कारण धोंड्यांवर पाय वाकडातिकडा पडतो आणि नडगी पुढे झुकते. तोच गड उतरायला लागलात, की गाठ सोडून घोटा आवळायचा. पाऊल पुढे सरकून बोटं बुटाच्या टोकावर आपटू लागली की चार तासांच्या उतारात अंगठ्याचं नख काळं होतं आणि महिन्याभराने गळून पडतं. उतार सुरू होण्याआधी दोन मिनिटं थांबून सगळ्यांना लेस पुन्हा बांधायला लावणारा लीडर कटकट्या वाटतो. मी ती कटकट करते.

लेस ओवण्याच्या नक्षीदार पद्धतींमागे मात्र लागू नका. मोनाश विद्यापीठातले गणिती बुर्कार्ड पोल्स्टर यांनी २००२ मध्ये ‘नेचर’मध्ये सिद्ध केलं, की ताणाच्या दृष्टीने नेहमीची एकाआड एक फुली आणि सरळ आडवी ओवण, याच दोन सर्वात मजबूत. लोकांनी शेकडो वर्षांच्या सवयीने जे शोधलं होतं तेच गणितातून निघालं.

आता लेस. गोल, गुळगुळीत, चकचकीत लेस दिसायला भारी आणि गाठीला वाईट. चपटी, थोडी खरखरीत विणीची लेस चांगली पकडते. पावसाळ्याच्या दोन-तीन ट्रेकनंतर लेसमध्ये चिखलाची बारीक वाळू शिरते आणि ती हुकापाशी धागे कापत राहते, म्हणून घरी आल्यावर लेस काढून वेगळी धुवायची. सप्टेंबर-ऑक्टोबरात गवताची कुसळं तिच्यात घुसतात. ती तिथून मोज्यात आणि मोज्यातून कातडीत जातात. टोकाची प्लॅस्टिकची टोपी गेली, तर नायलॉनची किंवा पॉलिस्टरची लेस मेणबत्तीवर जराशी धरली की वितळून टोक बसतं. सुती लेसला हे चालत नाही, ती जळते.

आजकाल तारेच्या आणि चकतीच्या बुटांबद्दल विचारणारे भेटतात. बोआ ही अमेरिकन कंपनी २००१ पासून ही पद्धत विकते आहे: चकती फिरवली की तार आवळली जाते, वर उचलली की मोकळी. बर्फात हातमोजे घालून बूट बांधायचा असेल तर सोय मोठी आहे. कारवीच्या खुंटांतून, चिखलातून चालताना मला ती नको वाटते. तार तुटली तर तिथे हातात काही उरत नाही. लेस तुटली तर गाठ मारून पुढे जाता येतं.

म्हणूनच सॅकच्या वरच्या कप्प्यात जादा लेसची जोडी ठेवा. तिचा उपयोग बहुतेक वेळा लेस म्हणून होत नाही. वर्षातून एकदा, पहिला पाऊस पडल्यावर माळ्यावरून काढलेले बूट घालून लोक येतात. पॉलियुरेथेनचा तळ हवेतल्या दमटपणाने, नुसता ठेवून ठेवूनच, आतून ठिसूळ झालेला असतो. तासाभरात तो पुढून उघडतो आणि पायाखाली जबड्यासारखा आ वासतो. तेव्हा जादा लेस चवड्याखालून दोनदा घ्यायची, टाचेच्या पुढच्या खाचेतून आणखी एकदा, आणि गाठ बाहेरच्या कडेला, वरच्या अंगाला मारायची. तळाखाली आली तर कातळावर घासून जाईल, आतल्या बाजूला आली तर दुसऱ्या पायात अडकेल. इथे सुरगाठ नको, पक्की रीफ नॉटच मारायची, फासांशिवाय. गाडीपर्यंत पोचलात की ती सोडत बसू नका, सरळ कापून टाका. तो बूटही आता टाकायचाच आहे.