कडीच्या दोन्ही बाजूंनी

विजय तेंडुलकरांचं ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ हे हौशी नटांवरचंच नाटक. अभिरूप न्यायालयाचा प्रयोग करायला मुंबईची मंडळी एका गावात येतात, गावातला भाबडा सामंत त्यांची सरबराई करतो आणि वेळ घालवायला मांडलेला खटला बघता बघता त्यांच्यातल्याच बेणारेबाईंच्या जिवावर उठतो. 1967 साली ‘रंगायन’ने ते राज्य नाट्य स्पर्धेत केलं. दिग्दर्शक अरविंद देशपांडे, बेणारे सुलभा देशपांडे. धाराशिवला आम्ही ते बसवायला घेतलं तेव्हा सामंत माझ्या वाट्याला आला.

तालमी रात्री, शाळेच्या वर्गात, बाकं भिंतीला सरकवून. कोणी बँकेत, कोणी शिक्षक, कोणी दुकान बंद करून आलेला. बेणारे करणाऱ्या मुलीला घरून परवानगी मिळाली ती धाकट्या भावाने सोबत यायचं या अटीवर. तो पोरगा कोपऱ्यात बसून बसून संहिता पाठ करून बसला आणि प्रयोगाला प्रॉम्प्टर तोच झाला. नाटक बसवणाऱ्या सरांनी आमच्या सगळ्यांच्या बोलण्यातले हेल घासूनपुसून काढले, माझे मात्र राहू दिले. म्हणाले, “सामंत गावचाच आहे. त्याला आपल्यासारखंच बोलू दे.”

सामंत भाच्यासाठी हिरवा कापडी पोपट घेऊन येतो. आमचा पोपट आईने ब्लाउजपीसच्या उरलेल्या कापडातून शिवला होता, आत जुन्या उशीतला कापूस. शेवटी तो बेणारेजवळ ठेवायचा असतो. पण त्याआधी सामंताला बराच वेळ नुसतं ऐकत बसायचं असतं आणि मला खरी मेहनत पडली ती तिथेच. पुढचं वाक्य ठाऊक असताना ते पहिल्यांदाच कानावर पडतंय असं बसणं पाठांतराहून कितीतरी अवघड.

काही वर्षांनी तेच नाटक पुन्हा उभं राहिलं. नोकरीमुळे रोजच्या तालमी मला जमणार नव्हत्या, म्हणून मी मागची बाजू घेतली. प्रॉपर्टीचं टेबल मांडायचं, खुर्च्यांच्या जागा खडूने आखायच्या आणि दार सांभाळायचं. बेणारे बाहेर पडायला जाते तेव्हा दार बाहेरून अडकलेलं असतं. आमचं दार म्हणजे लाकडी चौकटीवर ताणलेलं कापड. तिने जोर लावला की अख्खा फ्लॅट हलणार आणि प्रेक्षकांसमोरचा हॉल क्षणात कापडाचा होणार. मागून टेकू होते, पायाशी वाळूच्या पिशव्या होत्या, तरी भरवसा नव्हता. म्हणून चौकटीला खांदा लावून, कडी दोन्ही हातांनी धरून मी उभा राहायचो.

पलीकडून ती ओढायची. दिसायची नाही, पण कडीतून तिचं बळ थेट मनगटात यायचं. कधी एकच मोठा हिसका, कधी घाबरून लागोपाठ धडका. सामंत म्हणून हा प्रसंग मी रोज समोरून पाहिला होता. त्यात एवढी ताकद लागते हे कडी धरल्यावर कळलं. तिने कधी, किती जोरात ओढावं हे कुणी ठरवून दिलं नव्हतं. दार ऐकून मीच ते ओळखायचं. सामंताची खुर्ची सुटली तरी ऐकण्याचं काम काही सुटलं नाही.

बेणारेच्या स्वगताला तर विंगेत सगळेच श्वास धरून असायचे. तेंडुलकरांनी ते अरविंद देशपांड्यांच्या आग्रहामुळे लिहिलं, हे मला फार मोलाचं वाटतं. लेखकाकडेही तालमीतून कुणीतरी मागावं लागतं. स्वगत चालू असेपर्यंत आमचा प्रकाशवाला डिमरची खुंटी इतकी सावकाश सरकवायचा की त्याचा हात हलतोय हे जवळून बघूनही कळू नये.

मागच्या बाजूच्या कामावरून आठवलं, एप्रिल 2017 मध्ये 97वं नाट्यसंमेलन आमच्या गावात झालं. अध्यक्ष जयंत सावरकर, सुरुवातीची कित्येक वर्षं पडद्यामागे राबलेले नट. असा माणूस आपल्या गावात अध्यक्ष म्हणून यावा याचा मला मनापासून आनंद झाला.

त्या दुसऱ्या खेपेच्या प्रयोगानंतर एक आजी मागे आल्या. नटांचं कौतुक करून झालं आणि मग मला विचारलं, “ती कडी खरंच लावली व्हती का रं? पोरगी लई तडफडली.” तुळजापूरच्या गोंधळाला रात्र-रात्र जागणारी आमच्याकडची माणसं काहीच निसटू देत नाहीत. मी आजींना दारापाशी नेऊन कडी दाखवली, त्यांनी ओढून पाहिली, मी धरून ठेवली.

आता आमच्या नाट्यमंडळात कुणी नवीन मुलगा भूमिका मागायला आला की सर त्याला आधी एक अख्खं नाटक मागे काम करायला लावतात. यंदाच्या दोघांना दार धरायला मी शिकवतोय. एकाचा खांदा अजून चौकटीपासून सुटतो.