कुत्रा आणि तालीम

उर्दूत 'तालीम' म्हणजे शिक्षण. मराठीत 'तालीम' म्हणजे सराव, मग ती नाटकाची असो की आखाड्यातली. मी मुलांना दोन्ही भाषा शिकवते, त्यामुळे हा शब्द मला जवळचा आहे. आज त्याची आठवण झाली ती कुत्र्यांवरून. हसू नका, सांगते.

अमेरिकेत 'फोर-एच' नावाची मुलांची जुनी चळवळ आहे. १९०२ साली ओहायो राज्यात एका शाळा-अधीक्षकाने खेड्यातल्या मुलांसाठी काढलेल्या मंडळापासून तिची सुरुवात मानतात. डोकं, हृदय, हात आणि आरोग्य या चारही शब्दांची इंग्रजी सुरुवात 'एच'ने होते, म्हणून हे नाव. शेती, गुरं, शिवणकाम यांच्याबरोबर तिथे कुत्र्यांचाही एक उपक्रम असतो. मूल काही महिने कुत्र्याला शिकवतं: बस, थांब, ये, माझ्या बाजूने चाल. त्याचं खाणं, नखं, केस, लसीच्या तारखा सांभाळतं आणि खर्चासकट सगळं वहीत लिहितं. पुढे जत्रेत स्पर्धा होते. त्यातल्या एका प्रकारात गुण कुत्र्याच्या देखणेपणाला नसतात, मूल त्याला कसं हाताळतं याला असतात. शिकवलं जातं कुत्र्याला, पण घडतं मूल.

आपल्या मोहल्ल्यात कुत्र्याबद्दल मुलाला दोनच धडे मिळतात. एक, पळ. दोन, दगड उचल. कारण विचारलं तर उत्तर ठरलेलं: 'नापाक है.'

पण नापाकी हा तहारतचा, म्हणजे स्वच्छतेचा मसला आहे, दुश्मनीचा नाही. कोकणातले आपण बहुतेक शाफई. कुत्र्याने तोंड लावलेलं भांडं सात वेळा धुवायचं, त्यात एकदा मातीने, हे घरोघरी माहीत असतं. देशावरचे बहुतेक हनफी. तेही कुत्र्याची लाळ नापाक मानतात. मालिकी मतात तर जिवंत कुत्रा पाकच आहे. मतभेद धुण्याबद्दल आहेत. मारायला, छळायला परवानगी कोणीच दिलेली नाही.

आणि बाकीचं आपण मुलांना सांगतो का? असहाब-ए-कहफच्या गुहेच्या तोंडाशी पाय पसरून बसलेला कुत्रा कुरआनात आहे. तहानेल्या कुत्र्यासाठी विहिरीत उतरून चामडी मोज्यात पाणी भरून आणणाऱ्या माणसाला अल्लाहने माफ केलं, ही हदीस बुखारीत आहे. सूरह माइदाच्या चौथ्या आयतीत शिकवलेल्या शिकारी जनावरांनी पकडून आणलेली शिकार हलाल ठरवली आहे. तिथे शिकवणाऱ्यासाठी आलेला शब्द 'कल्ब', म्हणजे कुत्रा, यावरून बनला आहे. त्या जनावरांना तुम्ही अल्लाहने दिलेल्या इल्ममधूनच शिकवता, असं आयत म्हणते. तिथलं 'शिकवणं' हे क्रियापद ज्या धातूपासून आलं, त्याच धातूपासून आपला 'तालीम' शब्द आला.

मग शाळेत याला जागा का नसावी?

प्रश्न नुसत्या रहमतीचा नाही, जिवाचा आहे. काही वर्षांपूर्वी माझ्या वर्गातला एक मुलगा दोन दिवस लंगडत होता. विचारलं तर 'गिर गया' म्हणाला. पायजमा वर केला तर पोटरीवर दातांच्या खुणा. घरी का सांगितलं नाहीस? 'अब्बा मारेंगे, मॅडम. मैंने ही पत्थर मारा था.' वेळेत लस मिळाली, मुलगा बरा आहे. पण दगड मारायला शिकलेल्या त्या पोराला जखम धुवायला कोणीच शिकवलं नव्हतं.

रेबीजची लक्षणं एकदा दिसली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. त्याआधी मात्र तो पूर्णपणे टाळता येतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते रेबीजची शंका असलेल्या जनावराने चावा घेतलेल्यांत सुमारे ४० टक्के मुलं पंधरा वर्षांखालची असतात. चावा घेतला तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायची. हळद, मिरची, चुना काही लावायचं नाही. लगेच दवाखाना गाठायचा आणि लसीचे सगळे डोस पूर्ण करायचे. आणि आधी घरात सांगायचं. म्हणून अब्बा-अम्मींनी आधी ऐकून घ्यावं, रागवायचं ते नंतर.

शेजारच्या गोव्यात 'मिशन रेबीज'ने कुत्र्यांना लस टोचण्याबरोबरच शाळाशाळांत जाऊन मुलांना हे धडे दिले. २०२१ मध्ये गोवा रेबीज-नियंत्रित राज्य म्हणून जाहीर झालं. तिथे लसीबरोबर धडाही होता, हे विसरू नये.

आपल्या शाळांसाठी फोर-एचसारखी स्पर्धा मी मागत नाही. कुत्रा घरात आणा असंही म्हणत नाही. तो ज्याच्या-त्याच्या मसलकचा आणि घराच्या जागेचा प्रश्न. मी दोन तास मागते. २८ सप्टेंबरला जागतिक रेबीज दिन असतो, तेव्हा गावातल्या पशुवैद्यक डॉक्टरांना वर्गात बोलवा. खाणाऱ्या, झोपलेल्या, पिल्लं असलेल्या कुत्र्याजवळ जायचं नाही. शेपटी हलली म्हणजे तो खूशच असतो असं नाही. अंगावर आला तर पळायचं नाही. हात अंगाशी घेऊन, नजर खाली ठेवून, झाडासारखं उभं राहायचं.

हे नुसतं सांगून भागत नाही. वर्गात उभं करून, पुन्हा पुन्हा करून घ्यावं लागतं. उर्दूतली तालीम तेव्हाच कामी येते, जेव्हा मराठीतली तालीम झालेली असते.