अडकलेला एक्सल

आमच्या घरी ‘मी’ कुणी म्हणत नाही. अब्बा ‘हम’ म्हणायचे, अम्मी ‘हम’ म्हणते, आणि मराठी लिहायला बसलो तरी आमच्या लेखणीतून ‘आम्ही’च उतरते. वाचकांनी तो रुबाब समजू नये. रुबाब करावा असे या हकिगतीत आमच्या हातून काही घडलेलेही नाही.

आमचे थोरले भाईजान धुळ्याला घड्याळे दुरुस्त करतात. दोन वर्षांचे असताना पोलिओ झाला आणि उजवा पाय गेला. आम्ही जळगावला उर्दू शाळेत विज्ञान शिकवतो. 2019 च्या ऑगस्टात पांझरेला पूर आला, तेव्हा अब्बांची विनागिअरची मोपेड दोन दिवस पाण्यात उभी होती. पुढे अब्बा गेले. गाडी पत्र्याखाली तशीच पडून राहिली.

मग एके दिवशी भाईजानचा फोन आला, “मोपेडला बाजूची चाकं बसवून घेऊ. ब्रेक दोन्ही हातातच आहेत. मी चालवीन.”

आम्हांला हे पसंत नव्हते. रस्त्यावर ट्रक, डंपर. आणि पंचेचाळिशीला आलेला माणूस आता गाडी शिकणार! चार महिने आम्ही टाळाटाळ केली. शेवटी अजिंठा चौफुलीजवळून तो लोखंडी सांगाडा घेतला. दोन बाजूंना दोन लहान चाके आणि मागच्या चाकातून आरपार जाणारा नवा लांब एक्सल. एरंडोल, पारोळा करत नव्वद किलोमीटर तो एसटीने नेला. कंडक्टरने लगेजचे तिकीट फाडले ते वेगळेच.

नवा एक्सल घालायचा तर जुना काढायला हवा. पान्याला पाइप लावून नट तर सुटला, पण एक्सल जागचा हलेना. पुराचे पाणी आत शिरून एक्सल, बेअरिंगची आतली कडी आणि मधली कॉलर गंजून एकजीव झाली होती. रात्रभर रॉकेल सोडून ठेवले. सकाळी आम्ही सरळ मोठी हातोडी घेतली आणि एक्सलच्या टोकावर घातली. चार-पाच घावांत लोखंड छत्रीसारखे पसरले, आटे बसले. आता ते टोक चिमट्याच्या भोकातूनही जाणार नव्हते.

भाईजान ओट्यावर बसून पाहत होते. म्हणाले, “ठोकण्याआधी नट परत टोकापर्यंत चढवायचा असतो. मार नटाने खायचा, आट्यांनी नाही.”

“मग आधी का नाही सांगितलं?”

“तू विचारलंस कधी?”

गल्लीच्या तोंडाशी एक मिस्त्री आहे, त्याला बोलावले. टोक बघून त्याने कपाळाला हात लावला, “काय करी टाकं भो, सर!” त्याने गॅसची ज्योत लावून कडी तापवली. तापवल्यावर भोक लहान होत नाही, मोठे होते. गोळा आणि कडीचा हा प्रयोग आम्ही दरवर्षी वर्गात करून दाखवतो. बेअरिंगमधले ग्रीस जळाले, धूर झाला, एक्सल जरासा फिरलाही. पण सरकला नाही. पसरलेले टोक आडवे येत होते, आणि ते आमचे कर्तृत्व होते.

आता एक गोष्ट कबूल करावी लागेल. मिस्त्रीने मान हलवली तेव्हा आम्हांला मनातून बरे वाटले. नाही निघत तर नाही निघत, विषय संपला. आम्ही चेहरा पाडला खरा, पण भाईजानची नजर आमच्यावरच होती. चाळीस वर्षे दुसऱ्यांच्या आधाराने चालणाऱ्याला माणसाचा चेहरा घड्याळापेक्षा लवकर वाचता येतो.

पल्स पोलिओच्या ड्युटीवर ज्या दारांत नकार मिळायचा, तिथे आम्ही भाईजानचे उदाहरण द्यायचो, “आमच्या सख्ख्या भावाचा पाय गेलाय, बाई. पाजून घ्या.” दार उघडायचे. 27 मार्च 2014 ला भारत पोलिओमुक्त जाहीर झाला तेव्हा शाळेत आम्ही त्यावर भाषणही केले. त्यांच्या पायाबद्दल आम्ही गावभर बोललो. त्यांना मात्र कधी विचारले नाही.

भाईजान म्हणाले, “सांगाड्याबरोबर नवा एक्सल आलाय ना?”

“हो.”

“मग हा जुना कोणासाठी वाचवताय? कापा.”

मिस्त्री आणि आम्ही एकमेकांकडे पाहिले. दोघांच्याही हे डोक्यात आले नव्हते. चिमटा आणि चाक यांच्या फटीत करवत घालून दोन्ही बाजूंनी कापायला घेतले. तीन पाती मोडली, बाजूच्या कॉलरीही कापल्या गेल्या. असरच्या अजानपर्यंत चाक खाली आले. उरलेला तुकडा शिकंज्यात धरून काढला; बेअरिंग आणि कॉलरी नव्या घातल्या.

पुढचे काम कागदांचे. गाडीत असा बदल करायचा तर मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे आरटीओची मंजुरी लागते आणि तशी नोंद आरसी बुकात होते. लायसन्सही अशाच गाडीचे लागते. हेलपाटे झाले. पण त्यातल्या एकाही फेरीला भाईजानने आम्हांला जळगावहून बोलावले नाही.

कापलेला तुकडा आता त्यांच्या टेबलावर असतो, घड्याळांच्या पावत्यांवर वजन म्हणून. मागच्या जुम्म्याला आम्ही धुळ्याला होतो. सवयीने रिक्षा बोलवायला निघालो. भाईजानने कुबडी गाडीच्या कडीत अडकवली, टोपी नीट केली आणि म्हणाले, “मागे बसतोस का चालत येतोस?”

आम्ही मागे बसलो. पांझरेच्या पुलावर त्यांनी इतक्या जोरात हॉर्न दिला की पुढचा डंपरवाला मागे वळून बघायला लागला.