जुने घर, ओळखीची वाट

कर्जतहून खोपोलीकडे जाणारी लोकल पळसदरी, केळवली, डोलवली अशी स्थानके घेत खालापूर तालुक्यात शिरते. बोरघाटाच्या पायथ्याच्या या मुलखात भातखाचरांच्या कडेला आजही उतरत्या छपरांची घरे दिसतात. अशा एखाद्या घराशी आपले नाते असेल आणि वृद्ध आईवडिलांना तेथे पुन्हा न्यावे असे मनात असेल, तर आमचा अनुभव अवश्य वाचा.

आमचे घर तसेच : ओटी, माजघर, मागच्या पडवीत मोरी, मातीच्या भिंती, सागाचे वासे, मंगळुरी कौले. आम्ही ते हौसेने दुरुस्त केले. गुळगुळीत फरशी आली; मोरीचे दार बुजवून दुसरीकडे स्नानगृह झाले. पहिल्याच रात्री ८१ वर्षांची आई अंधारात उठली आणि सवयीने जुन्या दारापाशी गेली. तेथे भिंत होती. ती चाचपडत आई बराच वेळ उभी राहिली. पडली नाही, हे आमचे भाग्य. सकाळी एवढेच म्हणाली, “घर छान झालंय रे, पण मला ओळखत नाही.”

दृष्टी अधू झाली, स्मृती मंदावली, तरी पावलांची सवय बराच काळ टिकते. म्हणून दुरुस्तीपूर्वी वडीलधाऱ्यांसह घरभर फिरा. बिछान्यापासून मोरीपर्यंतची त्यांची वाट बदलू नका; ती निर्धोक करा. तिच्यावर खरखरीत फरशी आणि रात्रभर मंद दिवा असू द्या. मोरीत कमोड बसवा. आधाराचा दांडा मातीच्या भिंतीत टिकत नाही. तो भक्कम खांबाला जोडा. उंबरठ्यापाशी उतार करायचा असल्यास त्याची लांबी उंचीच्या १२ पट ठेवा : १० सेंटिमीटर उंबरठ्याला १२० सेंटिमीटर उतार.

मातीच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा टाळा. त्याने ओल आत कोंडते, बुरशी धरते आणि दम्याच्या रुग्णाचा त्रास वाढतो. चुन्याचा गिलावा ओल बाहेर पडू देतो. शाकारणी मात्र मृगापूर्वीच उरकावी. कामाच्या धुळीत वृद्धांना तेथे ठेवू नये.

आम्ही ते दार पुन्हा उघडले. पहिल्या पावसाच्या रात्री आई मोरीकडे जाऊन आली, हे आम्हांला सकाळी तिच्याकडूनच कळले.